नवरीचा दगड

भूगोल शिकवणाऱ्या माणसाने एका नावाच्या दोन जागा सहन करू नयेत, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी नुकताच पुण्याहून केडगावच्या शाळेत रुजू झालो होतो. साठ साल उजाडायचं होतं. मिशनच्या वस्तीला लागून एक कौलारू घर होतं, त्याची पुढची खोली मला भाड्याने मिळाली आणि खोलीबरोबर घरमालकही मिळाले. माझ्या त्या ठाम मताचं त्यांनी जे काही करून ठेवलं, ते मी अजून निस्तरतो आहे.

सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. जन्मभर त्यांनी दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं होतं. नुसतं बाटल्या भरायचं नव्हे. औषधांची पेटी सायकलला बांधून यवत-कासुर्डीपासून वरच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत हिंडायचं, गोळ्या द्यायच्या, गळवं कापायची, तापलेल्या पोरांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. निवृत्त झाल्यावर पेटी परत करावी लागली, पण पायांना ते कुणी कळवलं नसावं. रविवारची उपासना आटोपली की आबा तडक माझ्या दारात उभे राहत. डोक्यावर कुणा गोऱ्या साहेबाने जाताना दिलेली सोला हॅट, हातात कधीही न उघडलेली छत्री आणि खिशात गूळफुटाणे.

"मास्तर, चला. डोंगर दाखवतो."

"मागच्या रविवारी दाखवलात की."

"त्यो मागच्या रविवारचा."

मी चपला घालायचो.

यवतपर्यंत पॅसेंजर, पुढे पायी. कासुर्डीच्या शिवारातली ज्वारीची रानं संपली की मुरूम लागायचा, मग तरवडाची झुडपं, मग तीही संपायची आणि नुसता काळा कातळ उरायचा. वर चढून गेलं की उघडा माळ. त्या माळावर उभे, आडवे, कललेले, पोटाशी पाय घेऊन बसल्यासारखे दगडच दगड. हे म्हणे एक लग्नाचं वऱ्हाड होतं. पार चाललं होतं पलीकडच्या गावाला, आणि वाटेत दगड होऊन बसलं.

आबा प्रत्येक दगडापुढे थांबत. हॅट काढून हातात घेत, छत्रीचं टोक दगडाला हलकेच लावत आणि म्हणत, "काय वाजंत्री, बरंय ना?" पुढच्या दगडाला, "काय मामासाहेब, अजून रुसलायसाच का?" मैलभरात चिटपाखरू नसायचं, तरी मी ओशाळून इकडे-तिकडे बघायचो. पुण्यात माझ्या आळीत कुणी दगडाशी बोलताना दिसलं असतं, तर त्याला येरवड्याला पोचवण्याची व्यवस्था झाली असती.

"आबा, तुम्ही ख्रिस्ती. दगडांना नमस्कार कसला घालता?" एकदा मी विचारलंच.

"नमस्कार कुठं? इचारपूस हाय. दवाखान्यात सगळ्यांचीच करत हुतो."

खरी पंचाईत गोष्टीची होती. पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं, की नवरीने माहेराकडे मागे वळून पाहिलं आणि सगळं वऱ्हाड दगड झालं. मला गोष्ट आवडली. घरी येऊन मी माळाचा एक छोटा नकाशाही काढला, पोरांना दाखवायला. पुढच्या खेपेला तेच वऱ्हाड जेवणावळीत मामाचा मान राहिला म्हणून दगड झालं. त्याच्या पुढच्या खेपेला वाटेत एका तहानलेल्या म्हातारीला कुणी पाणी दिलं नाही, म्हणून.

"आबा, मागे तर तुम्ही म्हणालात की नवरीनं वळून पाहिलं."

"तसंबी म्हंत्यात."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भांडायला जावं तर समोरचा माणूस आधीच तुमच्या बाजूला येऊन उभा.

बरं, नुसती गोष्ट बदलली असती तर मी समजू शकलो असतो. दगडही बदलायचे. माळाच्या मधोमध एक पाण्याचं टाकं होतं, कातळातच झालेलं, उन्हाळ्यातही न आटणारं. वऱ्हाडातल्या करवलीच्या हातातला करा कलंडला, त्यातलं पाणी सांडलं ते हे, म्हणून त्याचं नाव करवलीचं टाकं. एवढी एक गोष्ट आबांनी कधी बदलली नाही. टाक्याच्या एका काठाला एक उंच दगड होता आणि समोरच्या काठाला एक बसका. एका रविवारी उंच दगडापुढे हॅट काढून, "काय नवरीबाई?" दुसऱ्या रविवारी तीच चौकशी बसक्या दगडापाशी. खोडून खोडून माझ्या नकाशाला भोक पडलं. मग मी तो नाद सोडला.

शाळेतले हिंदीचे गुरुजी नवं लग्न झालेल्या बायकोला घेऊन एकदा आमच्याबरोबर आले होते. त्यांना आबांनी सांगितलं, की नवरा आणि नवरी दर संक्रांतीला तिळाएवढे एकमेकांजवळ सरकतात. बाई लाजल्या. पुढे आमच्या शाळेचा शिपाई आला, बिचाऱ्याची बायको वर्षापूर्वीच गेली होती. त्याला आबा म्हणाले, की नवरी रात्री उठून टाक्यावर पाणी भरते आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवते, कुणाला दिसत नाही एवढंच. गावात आल्यावर शिपायाने आबांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला आबांचा राग यायचा तो अशा वेळी नेमका कुठे जायचा, कोण जाणे.

घरात मावशींपुढे मात्र त्यांचं काही चालत नसे. मावशी म्हणजे आबांची बायको. आश्रमात वाढलेली पोरकी मुलगी. माहेरचं असं कुणी नाही. बोलणं आश्रमातलं, नीट आणि धारदार. "जगातल्या धोंड्यांना बरं वाटतंय का म्हणून विचारतात," मला चहा देताना त्या म्हणायच्या, "माझा गुडघा काय मऊ आहे म्हणून त्याला विचारायचं नाही?" आबा ओट्यावरून ओरडायचे, "काय गुडघेबाई, बरंय ना?" मावशी कप आपटायच्या. पण हसायच्याही.

हे सगळं गमतीचं होतं, एका उन्हाळ्यापर्यंत.

त्या डोंगराच्या यवतकडच्या उतारावर थोरली वाडी आणि मागच्या अंगाला धाकटी वाडी. दोन्हींची शीव माळावरून जाते आणि ती नवरीच्या दगडावरून जाते, यावर दोन्ही वाड्यांचं एकमत. भांडण एवढंच, की नवरी कुठली. उंच दगड थोरल्या वाडीच्या बाजूला, बसका धाकट्या वाडीच्या. उंच दगड नवरी धरला तर टाकं धाकट्या वाडीत जातं, बसका धरला तर थोरल्या वाडीत. एरवी कुणी याचा विचारही करत नसे. ज्याची जनावरं तहानली त्याने पाजावी. पण त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. थोरल्या वाडीची विहीर फाल्गुनातच खडखडली. धाकट्या वाडीला तर विहीरच नव्हती. टाक्यावर आधी शिव्या झाल्या, मग काठ्या. एकाचं डोकं फुटलं. टाके आबांनीच घातले. निवृत्त झालात म्हणून काय, असं म्हणून त्याला त्यांच्याच ओट्यावर आणून टाकलं होतं.

सरकारी मोजणीवाले येऊन गेले. साखळी टाकली. एका वाडीला मोजणी पटली आणि दुसरी म्हणाली, उन्हाने साखळी तापून लांबली. झालं. मग एका दुपारी दोन्ही वाड्यांची माणसं केडगावात आबांच्या अंगणात येऊन बसली. थोरल्या वाडीचे पाटील आणि धाकट्या वाडीची एक हडकुळी म्हातारी, जिला सगळे जिजी म्हणत, हे दोघे पुढे.

"आबा, तुमी दोनी वाड्यांत हिंडलाय," पाटील म्हणाले. "तुमचं ना हिकडं सोयरं, ना तिकडं. नवरी कंची ते तुमी सांगा. आमाला तुमीच दावलीया, टाक्याच्या पल्याडची, बसकी."

"आन् आमाला उंच दावलीया," जिजी म्हणाली. "इचारा त्यांस्नी."

मी माझ्या दारात उभा होतो. मला वाटलं, आता आबा म्हणणार, तसंबी म्हंत्यात. ते म्हणाले नाहीत. हॅट मांडीवर घेऊन ते ती फिरवत राहिले, आणि मला पहिल्यांदाच त्यांच्यासाठी भीती वाटली. आयुष्यभर ज्या घरांतून पाणी प्यायले, त्यातली अर्धी घरं आज संध्याकाळपर्यंत त्यांना बंद होणार होती. आणि ते काहीच बोलले नाहीत तर पुढच्या वेळी टाक्यावर डोकं फुटून भागलं नसतं.

पाटलांनी कनवटीची पुडी सोडली. "खंडोबाचा भंडारा हाय. ह्यो उचलून सांगा."

"आमच्यात शपथ घेत न्हाईत, पाटील."

"मग तुमचा गरंथ घ्या हातात."

"त्यातच लिवलंय, घिऊ नये म्हनून."

पाटलांना हे काही कळेना. मलाही नीट कळलं नाही. शेवटी जिजी म्हणाली, "मग माती घ्या. आमच्या सासऱ्याच्या टायमाला घेत हुते. दोनी वाड्यांची माती भिजवून येक गोळा करायचा. त्यो डोक्यावर घिऊन, अनवानी, ह्या खिंडीपासनं त्या खिंडीपातुर चालायचं. मागं बघायचं न्हाई, कुनी त्येच्यासंगं बोलायचं न्हाई. त्यो जाईल ती शीव. माती पडली तर चाल खोटी."

"माती घेतो," आबा म्हणाले.

"डोळे बघा त्यांचे आधी," मावशी आतून म्हणाल्या. पण माणसं तोवर उठली होती.

संध्याकाळी मी मावशींना विचारलं, डोळ्यांचं काय? त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उजवा गेलेलाच आहे. डाव्यानं धुरातून दिसतं तसं दिसतं. उंच दगड आणि बसका दगड, त्यांना काय फरक? छत्रीनं चाचपतात. तुम्ही एवढे शिकलेले, तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी सर्द झालो. ते छत्रीचं टोक टेकवणं, ते थांबणं! म्हणजे इतके दिवस आबांना कुठला दगड कुठला ते दिसतच नव्हतं, आणि मी नकाशे खोडत बसलो होतो. मी ओट्यावर गेलो. आबा रस्त्याकडे तोंड करून फुटाणे खात होते. माझी चाहूल लागताच वळून म्हणाले, "मास्तर, तुमच्या सदऱ्याचं वरचं बटन तुटलंय." मी हात लावून पाहिलं. तुटलं होतं.

"आबा, तुम्हाला दिसतं की नाही?"

"लागंल तेवढं दिसतं."

"मग दोन वाड्यांना दोन नवऱ्या का दाखवल्यात?"

"म्या कुठं? त्यांच्याच आज्यांनी मला दावल्या. ज्यांच्या त्यांना परत दावल्या."

"आणि खरी कोणती?"

"चालल्यावर कळंल," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर फुटाणे ठेवले.

चाल सकाळीच होती, ऊन चढायच्या आत. माळावर डाव्या हाताला थोरली वाडी, उजव्या हाताला धाकटी. बाया, पोरं, कुत्री, सगळी. आबांनी हॅट काढून माझ्याकडे दिली, छत्री दिली, वहाणा काढल्या. हॅट आणि छत्री दोन्ही नसलेले आबा माळावर मी प्रथमच पाहत होतो. डोकं अगदी लहान दिसत होतं. जिजीने आणि पाटलांनी मिळून मातीचा ओला गोळा त्यावर ठेवला. आबांनी एका हाताने तो धरला आणि चालू लागले.

आम्ही बरेच मागून चालत होतो. वाजंत्री मागे पडले, मामासाहेब मागे पडले. आबांनी कुणाची विचारपूस केली नाही. पाय दगडावर टेकून, अंदाज घेऊन, मग पुढे टाकत होते. पुढे टाकं दिसू लागलं. डावीकडे उंच दगड, उजवीकडे बसका, मध्ये पाणी. आबा टाक्याच्या काठापाशी थांबले. दोन्हीकडची माणसं पुढे सरकली. माझ्या हातातल्या हॅटच्या कडा मी इतक्या आवळल्या, की पुढे त्या कायमच्या वाकड्या राहिल्या.

आबा ना डावीकडे वळले, ना उजवीकडे. ते सरळ पाण्यात उतरले.

बायांच्या तोंडून एकदम आवाज आला, पण कुणी बोलायचं नव्हतं. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. शेवाळावरून पाय निसटला तर म्हातारा बुडेल, एवढंच माझ्या डोक्यात. मध्यावर आल्यावर ते अडखळले. मग एकाएकी वर आले. पाणी पार मांडीपर्यंत उतरलं. तसे ते क्षणभर उभे राहिले, मान किंचित लववली आणि पुन्हा छातीभर पाण्यात गेले. मला वाटलं, तळाच्या खडबडीत कातळावर तोल गेला आणि सावरले. पलीकडे ते हातापायांवर चढून बाहेर आले, तेव्हा मातीचा ओघळ त्यांच्या कपाळावरून, डोळ्यांवरून गालांवर आला होता. पण गोळा डोक्यावर होता. तसेच ते खिंडीपर्यंत गेले.

"टाक्यातनं गेली शीव," जिजी म्हणाली.

पाटील टाक्याच्या काठावर उकिडवे बसले. मग म्हणाले, "पान्याला निम्मं करनार कसं?"

"पाळी लावू. येक दिस तुमचा, येक दिस आमचा."

आणि तसंच झालं. त्या उन्हाळ्यात आणि नंतरही टाक्यावर काठी उचलली गेली नाही. आबांना दोन्ही वाड्यांनी जेवायला बोलावलं. ते दोन्हीकडे जेवले आणि दोन दिवस पोट धरून बसले.

मी मात्र पुरता गोंधळलो होतो. हा माणूस अतिशहाणा म्हणून पाण्यात उतरला, की टाकं दिसलंच नाही म्हणून? परतीच्या पॅसेंजरमध्ये मी आबांना सरळच विचारलं, मुद्दाम उतरलात ना?

"तसंबी म्हंत्यात," आबा म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

पुढे माझी बदली शिरूरला झाली. तिथेही माळ आहे, दगड आहेत. पण ते नुसते दगड. काही वर्षांनी निरोप आला की आबा गेले. मी मिळेल ती एसटी पकडून केडगावला पोचलो. प्रार्थना संपून पेटी खाली सोडली होती आणि माणसं मूठ मूठ माती देत होती. एवढ्यात दोन्ही वाड्यांची माणसं आली. पाटील खूप थकलेले, जिजीला पोरांनी धरून आणलेलं. त्यांच्याकडे मातीचा एक ओला गोळा होता. पाळकसाहेब बुचकळ्यात पडले. हे कुठल्या धर्मातलं? मावशी म्हणाल्या, "ठेवू द्या. त्यांच्या ओळखीची माती आहे." मला तिथे रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही.

नंतर ओट्यावर सगळे बसले. थोड्या वेळाने, व्हायचं तेच झालं. पाटील म्हणाले, काही म्हणा, आबांनी आम्हाला बसकी दाखवली होती. जिजी म्हणाली, उंच. आवाज चढायला लागले. मावशी आतून आल्या.

"मला तिसरीच दाखवली होती," त्या म्हणाल्या.

पाटील आणि जिजी दोघे त्यांच्याकडे वळले.

"लग्नानंतर पहिल्यांदा घेऊन गेले होते. असाच उन्हाळा होता. टाक्यात उतर म्हणाले. मी म्हटलं, मी नाही. तर हात धरून उतरवलं. मधोमध पाण्याखाली एक दगड आहे, वरून दिसत नाही. त्यावर मला उभं केलं. म्हणाले, ही नवरी. वऱ्हाड पुढं गेलं, हिला माहेर नव्हतं मागं वळून बघायला, म्हणून ही करवलीच्या पाण्यात पाय गार करत बसली, ती बसलीच. कुणाला सांगू नकोस म्हणाले." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "आता काय, सांगितलं."

म्हणजे त्या दिवशी पाण्याच्या मध्यावर आबा अडखळले नव्हते. ते नवरीवर उभे राहिले होते. दोन्ही वाड्यांच्या एकमताप्रमाणे, शीव नवरीवरूनच नेली होती. हे कळल्यावर माझा गोंधळ संपायला हवा होता. पण लगेच दुसरं मनात आलं: शिपायाला शिपायाची गोष्ट, नव्या जोडप्याला त्यांची, मग पोरक्या मुलीला सांगितलेली गोष्ट तरी खरी कशावरून? मी मावशींकडे बघितलं आणि विचारलं नाही.

निघताना मावशींनी आबांची छत्री मला दिली. मी परस्पर शिरूरला गेलो नाही. यवतला उतरलो आणि माळ चढलो. टाक्यापाशी कुणी नव्हतं. काठावर ओणवा होऊन मी छत्री पाण्यात घातली, हात पुरेल तेवढी लांब. टोक एका ठिकाणी टेकलं. पण टाकंच कातळाचं. छत्री कुठेही टेकली तरी दगडालाच टेकणार. ती नवरी होती की नुसता टाक्याचा तळ, मला कळायला मार्ग नव्हता.

मी इकडे-तिकडे बघितलं नाही. डोक्यावर हॅट नव्हती, म्हणून नुसता हात कपाळाला लावला आणि म्हणालो, "काय नवरीबाई, बरंय ना?"